‘आपला माणूस’ म्हणून लॉगिन दिलं आणि २ लाख ७१ हजार घालवून बसलो

आधीच सांगतो, हे लांबणार आहे आणि मी काय लिहिणारा माणूस नाही. बेळगावच्या उद्यमबागेत एका मशिन शॉपला क्वालिटीत आहे, दिवसभर हातात मायक्रोमीटर, वीस मायक्रॉनचा फरक असला तरी जॉब बाजूला काढतो, आणि असल्या मला एका माणसानं आठ महिने व्यवस्थित गंडवलं. त्याचं नाव लिहीत नाही, कम्प्लेंट चालू आहे. खरं तो गंडवतो कसा ते लिहितो, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी बाजूची लय पोरं सध्या जर्मनीच्या मागं आहेत.

बीई मेकॅनिकल, २०२३ ला पास. दीड वर्ष नोकरी केल्यावर एमएसचं (मास्टर्स डिग्रीचं) डोक्यात बसलं, ते पण जर्मनीलाच, कारण तिथल्या बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत ट्यूशन फी नाही. (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात बाहेरच्या पोरांना सेमिस्टरला १५०० युरो लागतात आणि म्युनिकच्या टीयूनं (टेक्निकल युनिव्हर्सिटीनं) पण २०२४ पासून फी लावलीय, तेवढं बघून घ्या.) अमेरिकेचा खर्च आमच्या घरात बोलायचा विषयच नव्हता. बाबा टर्नर, आयुष्य लेथवर गेलं.

२०२४ च्या नोव्हेंबरात एका मित्रानं टिळकवाडीतल्या कन्सल्टन्सीचं नाव सांगितलं. गेलो. भिंतीवर महाराजांचा फोटो, टेबलावर कुंद्याच्या मिठाईचा बॉक्स उघडा, कन्सल्टन्सीचा मालक म्हणाला, ‘घे, काल एका पोराचा व्हिसा झाला, त्यानं आणून दिलाय.’ मग पहिला प्रश्न मार्कांचा नाही, ‘गाव कुठलं?’ मी म्हटलं बेळगुंदी. ‘अरे मग घरचाच की तू, माझं आजोळ तिकडचं.’ पुढं अर्धा तास जर्मनी राहिली बाजूला, बेंगळूरचे लोक आपल्याला कसे विचारत नाहीत, आपल्या मराठी पोरांचं आपणच बघितलं पाहिजे, हेच. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो, खरं त्या दिवशी बाहेर पडताना मला एकदम हलकं वाटलेलं, की चला, आपला माणूस मिळाला. (तो कुंद्याचा बॉक्स नंतर तीनदा गेलो तेव्हा पण तिथंच होता. तेव्हा कळायला पाहिजे होतं.)

फी ४० हजार, दोन हप्त्यात, रोख. पावती मागितली तर ‘घरच्या माणसाला कसली पावती’. पुढं व्हीटीयूचं, म्हणजे माझ्या युनिव्हर्सिटीचं, ट्रान्सक्रिप्ट (मार्कांचा अधिकृत कागद) काढायला आणि कुठल्या तरी अटेस्टेशनला म्हणून ९ हजार, ते पण रोख. व्हीटीयू म्हणजे मच्छ्याला, माझ्या कामावरून दहा मिनिटं गाडीवर. काखेत कळसा गावाला वळसा म्हणतात ते हेच, मी दुसऱ्याला पैसे देऊन शेजारच्या युनिव्हर्सिटीतनं माझेच मार्क मागवत होतो.

मग एपीएस. भारतातल्या पोरांना जर्मनीच्या स्टुडंट व्हिसाला हे सर्टिफिकेट २०२२ च्या नोव्हेंबरपासून कम्पल्सरी आहे, दिल्लीत तुमचे मार्कशीट-डिग्री खरे आहेत का ते तपासतात. फी १८ हजार. माझ्याकडनं ३० घेतले. पण गंमत अशी की हे काम त्यानं खरंच केलं, सर्टिफिकेट आलं, आणि तिथंच माझा विश्वास पक्का बसला. सगळंच खोटं असतं तर मी जानेवारीतच जागा झालो असतो.

फेब्रुवारीत त्यानं माझ्या नावानं एक नवीन जीमेल काढलं. ‘तू नोकरीला जातोस, मेल बघायला वेळ कुठला, इथं आमच्या मॅडम रोज चेक करतात.’ पासवर्ड त्यांच्याकडं, रिकव्हरीचा मोबाईल नंबर त्यांचा. त्याच मेलवर युनि-असिस्टचं (जर्मनीला ॲप्लिकेशन जिथनं जातं त्या संस्थेचं) खातं, त्याच मेलवर युनिव्हर्सिटीचे पोर्टल. ह्या एका जागी मी मेलो. बाकीचं सगळं ह्याच्यातनं निघालं. आपल्या नावाचं ॲप्लिकेशन आपण स्वतः उघडून बघू शकत नसलो तर ते झालंच नाही असं धरा, माझ्या बाबतीत तर ते खरोखरच झालं नव्हतं.

आठ युनिव्हर्सिट्या ठरवल्या, प्रत्येकी साडेसात हजार, ६० हजार ऑनलाईन पाठवले. आता हिशोब बघा. युनि-असिस्ट ही बर्लिनची संस्था, बऱ्याच जर्मन युनिव्हर्सिट्यांसाठी परदेशी पोरांचे कागद तपासून पुढं पाठवते. पहिल्या ॲप्लिकेशनला ७५ युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. म्हणजे आठही तिथनंच धरल्या तरी २८५ युरो, तेव्हाच्या भावानं सव्वीस-सत्तावीस हजार. हे त्यांच्या साईटवर उघड लिहिलंय. मी कधी उघडलीच नाही. वर माझ्या लिस्टीत आखेनचं आरडब्ल्यूटीएच होतं, ते तर युनि-असिस्टमधनं घेतच नाही, त्यांचं स्वतःचं पोर्टल आहे. त्याचे पण साडेसात हजार.

एसओपी, म्हणजे मला हा कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र, त्यांनीच लिहिली. मी वाचायला मागितली तेव्हा पहिलीच ओळ, लहानपणी समुद्रकाठी उभा राहून जहाजं बघताना मला इंजिनाचं वेड लागलं. बेळगावला समुद्र कुठला बाबा, फार तर राकसकोपचं धरण. कुणा किनाऱ्यावरच्या पोराची एसओपी तशीच माझ्या नावावर. बदला म्हटलं तर ‘बदलतो’ म्हणाले. आणि एलओआर, म्हणजे शिफारसपत्र. माझ्या कॉलेजच्या गाईड सरांच्या नावानं पत्र, खाली सही, शिक्का. सरांना मी विचारलंच नव्हतं. मी कन्सल्टन्सीवाल्याला म्हटलं, ही सही? तर हसून, ‘सगळेच असं करतात रे.’ मी गप्प बसलो. हे लिहायला लाज वाटते, खरं लिहितो, कारण पुढं त्यानं मला ह्याच्यावरच धरलं.

जूनमध्ये रिजेक्शन यायला लागले. बाहेर झड लागलेली, मी त्या ऑफिसच्या बाकावर भिजलेला बसलोय आणि मॅडम एकेक पीडीएफ प्रिंट काढून देतात. तीन, मग दोन, मग उरलेली तीन. सगळीकडं तेच, सीट भरल्या, खेद आहे. त्यानं खांद्यावर हात ठेवला, म्हणाला की यंदा सरकारीत कुणाचंच होईना झालंय, एक चांगली प्रायव्हेट आहे, माझी ओळख आहे, वर्षाला १३ हजार युरो पण नोकरीची चिंता नाही, दीड लाख भरून सीट धर. भरले. माझ्या साठवलेल्यातले ६०, उरलेले आईच्या पाटल्या सोसायटीत गहाण ठेवून. आणि पाठवले कुठं, तर युनिव्हर्सिटीच्या खात्यात नाही, ह्याच्या स्वतःच्या सेव्हिंग खात्यात. प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या एजंटला पोरामागं कमिशन देतात, सरकारी देत नाहीत, एवढं माहीत असतं तरी त्याची सरकारीबद्दलची नाखुशी कळली असती. आणि माझ्या केसमध्ये तर कमिशन पण नाही, दीड लाख सरळ खिशात.

आता मोठा घास. जर्मनीचा व्हिसा मागताना वर्षाच्या खर्चाचे पैसे ब्लॉक अकाउंटला दाखवावे लागतात, २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो, त्यातले महिन्याला ९९२ काढता येतात. आमच्या हिशोबानं ११ लाखांच्या वर. तो म्हणाला, आमच्या कंपनीच्या खात्यात टाका, आम्ही लॉटमध्ये युरो घेतो, तुम्हाला रेट कमी पडतो. वर आणि एक आयडिया, कर्नाटकवाल्यांना बेंगळूरच्या कॉन्सुलेटकडं जावं लागतं, तिथं अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, तुझ्या चंदगडच्या आत्याचा पत्ता लावू, मुंबईत घालू. मी त्याला पण मान हलवली. सीमाभागातल्या माणसाला दोन्हीकडं पाय ठेवायची सवयच असते.

घरी रात्री जेवताना बाबांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पैसे तुझे. खातं तुझ्या नावावर निघणार. मग मधी हेचं खातं कशाला पायजे?’

मी रेटचं सांगायला लागलो. ‘रेट राहू दे. मटेरियल घेताना पार्टीला डायरेक्ट देतोय की आपण. मधल्याला देऊन कधी माल आलाय काय?’

त्या रात्री झोप लागली नाही. निपाणीचा एक सीनियर जर्मनीत केम्निट्झला शिकतोय, कधी बोलणं नव्हतं, त्याला मेसेज टाकला आणि रिजेक्शनचे फोटो पाठवले. त्यातलं एक त्याच्याच युनिव्हर्सिटीचं. दहा मिनिटात फोन आला. पहिलं म्हणजे तीन पत्रांवर युनि-असिस्टचं नाव होतं, आणि सीट भरल्या म्हणून युनि-असिस्ट कुणाला रिजेक्ट करत नाही, ते कागद तपासतात एवढंच, घ्यायचं की नाही ते युनिव्हर्सिटी ठरवते. दुसरं, तारीख. जर्मन लोक आधी दिवस, मग महिना, मध्ये टिंब लावतात. माझ्या पत्रांवर आधी महिना, मध्ये तिरक्या रेघा. चार पत्रांवर सही एकच, चार वेगळ्या शहरांच्या खाली. मग तो म्हणाला पीडीएफची प्रॉपर्टी उघड. उघडली. ऑथरच्या जागी ‘ऑफिस पीसी २’. तो पीसी मी बघितलाय, दाराजवळचा, मॅडम बसतात तो.

माझं काम मोजमापाचं आहे. हातात आलेला जॉब मी ड्रॉइंगशी लावल्याशिवाय पास करत नाही. हे आठ कागद नुसते वाचून रडलो होतो.

दुसऱ्या दिवशी युनि-असिस्टला आणि चार युनिव्हर्सिट्यांना माझ्या खऱ्या मेलवरून पासपोर्टची माहिती घालून विचारलं. आठवड्यात उत्तरं आली, ह्या नावानं, ह्या जन्मतारखेनं ॲप्लिकेशन नाही. तोवर १५ जुलै उलटून गेली होती, बऱ्याच ठिकाणची विंटर सेमिस्टरला ॲप्लिकेशन भरायची शेवटची तारीख. वर्ष गेलं.

त्याच्या ऑफिसला गेलो तर आधी सर्व्हरचा प्रॉब्लेम. मग मॅडमची चूक. मी ‘ऑफिस पीसी २’ म्हटल्यावर दार लोटून घेतलं आणि एकदम शांतपणे म्हणाला, ‘तुझ्या एलओआरवर खोटी सही आहे. पोलिसात जा, आधी तूच आत जाशील.’ त्या दिवशी आजोळ-बिजोळ काय नाही.

पंधरा दिवस मी ह्याच भीतीत होतो, घरी पण सांगितलं नाही. शेवटी गाईड सरांच्या घरी गेलो आणि सगळं ओकलो. सर भडकले, अर्धा तास झाडलं, बरोबरच होतं, मग चहा दिला आणि म्हणाले, खरं पत्र मागितलं असतंस तर मी दिलं नसतं काय? त्यांनी लिहून दिलं की ती सही माझी नाही, आणि तो कागद घेऊनच कम्प्लेंट केली.

१९३० वर फोन केलेला, खरं तो नंबर ऑनलाईन फ्रॉडला पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, माझे पैसे जाऊन महिना झालेला. लेखी द्या म्हणाले. कम्प्लेंट कन्नडात असली तर बरं पडतं, आणि माझं कन्नड बाजारापुरतं. गोकाकचा माझा कलीग, पक्का कन्नड माणूस, त्यानं दोन संध्याकाळी बसून चार पानं लिहिली, हॉटेलात चहाचे पैसे पण मला देऊ दिले नाहीत. ‘आपला माणूस’वर आठ महिने मी काय काय ऐकलं होतं ते त्या टेबलावर आठवत होतं. फसवणुकीचं जुनं ४२० आता नवीन कायद्यात ३१८ झालंय, हे पण त्यानंच शोधलं.

एकूण गेले २ लाख ८९ हजार, त्यात एपीएसची खरी फी १८ हजार सोडली तर २ लाख ७१. रोख दिलेल्या ४९ हजाराला काय पुरावा नाही, ते गेले असंच धरलंय. कम्प्लेंटनंतर तीन तुकड्यात ७५ हजार परत आले, बाकीचं बघू. आईच्या पाटल्या अजून सोसायटीतच आहेत.

पुढच्या विंटरला परत भरणार आहे, स्वतः. डाडची (DAAD) साईट आहे, जर्मन सरकारच्या पैशावर चालणारी संस्था, तिथं कोर्स, फी, तारीख, भाषेची अट सगळं फुकट बघायला मिळतं. ब्लॉक अकाउंट पण पासपोर्ट लावून स्वतःच्या नावावर ऑनलाईन निघतं, आणि पैसे आपल्या बँकेतनं पॅन आणि ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा) देऊन थेट जातात, मधी कुणी लागत नाही. कामावरून आल्यावर रोज तासभर बसलो तर महिन्यात होईल असं दिसतंय. एसओपी पण मीच लिहितोय, लेथच्या आवाजापासून सुरू केलीय, जमतंय का बघू.

हे सगळं आज लिहायला बसलो कारण काल खानापूरच्या एका काकांचा फोन आला. पुतण्याचं तिथंच चाललंय, सीट धरायला दीड लाख मागितलेत, भरू काय विचारत होते. मी एवढंच विचारलं की काका, पोराच्या मेलचा पासवर्ड कुणाकडं आहे. ते फोनवरनंच आत ओरडून पोराला विचारून आले. कन्सल्टन्सीतल्या सरांच्याकडं आहे म्हणाले. रविवारी पोराला आणि लॅपटॉपला घेऊन येणार आहेत.