ऱ्हाईनकाठी मुक्काम: वरचा किल्ला की खालचं बागायतदाराचं घर?

पोरगं फ्रँकफुर्टला नोकरीला लागलं की आई-बापांची एक तरी फेरी तिकडे होतेच. सोलापुरात आता असे आई-बाप गल्लोगल्ली सापडतात. तिथे पोचल्यावर जोडून सुट्टी आली की पोरगं म्हणतं, "चला, ऱ्हाईन दाखवून आणतो." मग प्रश्न येतो, उतरायचं कुठे? डोंगरावरच्या जुन्या किल्ल्याचं हॉटेल केलंय तिथे, की खाली गावात वाइन करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी? आम्ही मागच्या सप्टेंबरात दोन्ही करून पाहिलं. दोन रात्री वर, तीन रात्री खाली. तेव्हापासून गल्लीतल्या दोघांनी आणि आमच्या व्याह्यांनी हेच विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

आधी एक कबुली. मी सोलापूरजवळच्या नान्नजकडचा द्राक्ष बागायतदार. सोनाका ही द्राक्षाची जात जिथे निघाली त्या गावचं पाणी प्यालेला माणूस. वेल दिसला की माझी मान आपोआप तिकडे वळते, त्यामुळे माझं माप अगदी सरळ असेल असं नाही.

किल्ला म्हटलं की आपल्याला आठवतो भुईकोट, नाहीतर नळदुर्गचा पाणीमहाल. तट, बुरूज, वटवाघळं आणि कुणीतरी टाकलेली शेंगांची टरफलं. तिथे बुरुजाच्या पोटात गालिचा निघाला आणि न्हाणीघरात टॉवेल गरम करायची नळी. भिंत इतकी जाड की खिडकीच्या कोनाड्यात हिने चक्क मांडी घातली. खाली नदी. नदीत लांबलचक मालवाहू बोटी, आणि त्यांच्या टपावर मालकाची चारचाकी चढवून ठेवलेली. बोट धक्क्याला लागली की तीच गाडी उतरवून बाजारहाट करत असणार. आम्ही दोघं तासभर नुसत्या गाड्या मोजत होतो. हे सुख खाली मिळत नाही, खोटं कशाला बोलू.

इतिहासाचं मात्र जरा जपून घ्या. बिंगेन ते कोब्लेन्झ हा 65 किलोमीटरचा पट्टा 2002 पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि त्यात चाळीसेक किल्ले आहेत. बरेचसे जकात वसुलीसाठी बांधलेले. काउबला तर नदीच्या मधोमध खडकावर 14व्या शतकातला जकातनाका उभा आहे, आपल्या टोलवाल्यांनी बघून यावा असा. पण यातले बरेच किल्ले फ्रेंच फौजांनी उद्ध्वस्त केले, काही 1689 च्या सुमारास, काही त्यानंतर शंभरेक वर्षांनी. पुढे 19व्या शतकात राजेरजवाड्यांनी आणि हौशी श्रीमंतांनी त्यातले काही पुन्हा उभे केले. म्हणजे ज्या मध्ययुगीन छताखाली तुम्ही झोपता, ते आपल्या सोलापुरातल्या इंद्रभुवन इमारतीच्या वयाचंही, म्हणजे सव्वाशे वर्षांच्या आसपासचं असू शकतं. या पट्ट्यातला डोंगरावरचा कधीच न पडलेला किल्ला एकच, ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग. तिथे मुक्काम नाही. दिवसा तिकीट काढून बघून यायचं, आणि ते जरूर करा.

आता मुद्द्याचं. चहा.

आपलं शरीर तिथे गेल्यावर आठवडाभर तरी सोलापूरच्याच घड्याळावर चालतं. सप्टेंबरात तिथे पहाटेचे साडेचार म्हणजे इथे सकाळचे आठ. डोळे टक्क उघडे. न्याहारी आठला. मधले साडेतीन तास काय करायचं? आम्ही होतो त्या किल्ल्याचं नाव घेत नाही, माणसं अतिशय भली होती. पण खोलीत पाणी उकळायची सोय नव्हती. हिने बॅगेत छोटी विजेची किटली आणलेली, सोबत घरची पावडर आणि सुंठ. पण दाराच्या मागे पाटी, खोलीत तापवायचं कुठलंही यंत्र लावू नये. कारणही रास्त, वर सगळं लाकूडकाम आणि छताला धुराची घंटा. ही नियमाला देव मानणारी. किटली परत बॅगेत गेली.

पहिल्या पहाटे मी नळाचं गरम पाणी सोडून त्यात टी-बॅग बुडवली. पाच मिनिटांनी पाण्याला रंग आला तो उसाच्या रसाचा, चव त्याच्याही अलीकडची. खाली ऑफिसात बघितलं तर रात्री कुणी नसतं, अडचण असेल तर या नंबरवर फोन करा अशी चिठ्ठी. चहा ही अडचण आहे की नाही यावर आमची दोघांची कुजबुजत चर्चा झाली आणि फोन करायचं राहिलं. दुसऱ्या पहाटे मी गडच उतरलो. वीस मिनिटं उतार, गावात बेकरी उघडलेली, कॉफी मिळाली. मग हिच्यासाठी एक कागदी पेला घेऊन अर्धा तास चढण. वर पोचेपर्यंत ती कोमट झालेली. हिने घोटभर घेतली आणि म्हणाली, "राहू दे, आठ वाजतीलच की."

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून ठरवलं? हो. जेवण उत्तम होतं. शाकाहारी असल्याचं आधी कळवलं होतं, तर मशरूम आणि बटाट्याचं त्यांनी मनापासून केलं. फक्त पाच ताटल्या यायला अडीच तास लागले आणि तिसऱ्या ताटलीला हिला डुलकी लागली. लिफ्ट नाही, अंगणात दगडी फरसबंदी, बॅगेची चाकं तिथे चालत नाहीत. सामान पोराने उचललं. हे सगळं चालवून घेता येतं. रोजचे साडेतीन बिनचहाचे तास नाही.

खाली आम्ही ज्यांच्याकडे राहिलो ते सत्तरी ओलांडलेले बागायतदार. खोली द्राक्षं दाबायच्या जागेच्या वर, म्हणून जिन्यात आंबूस वास, बेदाण्याच्या शेडला असतो तसा, थोडा ओला. खोली साधीच. पडदे आपल्या लॉजसारखे. पण कोपऱ्यात ओटा, दोन शेगड्या, किटली आणि फ्रीजमध्ये त्यांनीच ठेवलेली दुधाची बाटली. पहाटे पाचला आलं ठेचल्याचा आवाज ऐकला आणि मला वाटलं, आता कुठे आपण सुट्टीवर आलो.

उजाडता उजाडता कप घेऊन अंगणात उतरलो तर आजोबा आधीच उठलेले. शेतकरी सगळीकडे सारखाच. मी बोटाने वेल दाखवला, मग छातीवर हात ठेवला, की मीही तोच. त्यांनी रबरी बूट दिले आणि उतारावर घेऊन गेले. उतार म्हणजे काय, आपल्याकडे तिथे बोकड चढवताना विचार करतील. माती जवळजवळ नाहीच, पाटीच्या दगडाचे तुकडे. आम्ही लहानपणी ज्यावर अआइई गिरवलं तोच काळा-राखाडी दगड. संध्याकाळी परत गेलो तेव्हा त्यांनी एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. ऊन जाऊन तास झाला होता, दगड अजून कोमट. दिवसभराची ऊब धरून रात्री वेलाला देतो म्हणून रीसलिंग, त्यांचं वाइनचं पांढरं द्राक्ष, तिथे पिकतं. आपण बेचाळीस डिग्रीत वेलाला सावली शोधतो आणि हे ऊब साठवतात.

बाकी गप्पा पोराच्या मोबाइलवरच्या भाषांतराने. खुंटावर कलम त्यांच्याकडेही आहे, अमेरिकी खुंटच. त्यांना मुळाच्या किडीमुळे करावं लागलं, आपण पाण्यामुळे आणि क्षारामुळे डॉगरिज खुंटावर आलो. वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी, हे सांगितल्यावर त्यांनी मोबाइल दोनदा तपासायला लावला. त्यांची एकच, हिवाळ्यात, वेल झोपलेला असताना. आपला वेल झोपतच नाही म्हटल्यावर आजोबांनी कपाळाला हात लावला. मग एका पानावर मी बुरशीच्या रोगाचा पिवळा तेलकट डाग दाखवला आणि म्हणालो, "डाऊनी." त्यांनी त्या रोगाचं त्यांच्या भाषेतलं नाव सांगितलं, ते मला कळलं नाही. मी म्हणालो, "बोर्डो?" त्यांनी खांद्याला धरून गदागदा हलवलं. मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा हा शब्द दोघांनाही येत होता.

मणी मात्र केवढे? हरभऱ्यापेक्षा जरा मोठे, बी असलेले, जाड सालीचे. गोडी अशी की टाळूला झोंबावी. असा माल घेऊन मी मार्केट यार्डात गेलो तर व्यापारी क्रेटचं झाकणही उघडणार नाही.

आता खालच्या मुक्कामाची खोट. रेल्वे. नदीच्या दोन्ही काठांनी लोहमार्ग आहे आणि रात्रभर मालगाड्या धडधडत जातात. उजव्या काठावर जास्त. दरीत आवाज घुमतो, तो वरच्या खोलीतही येतो, पण खाली तो थेट उशाशी. आमचं घर रेल्वे लाईन्स भागातलं, गाडीच्या आवाजाशिवाय आम्हाला झोप लागत नाही. पोरगं मात्र रात्रभर तळमळलं आणि सकाळी आमच्याकडे रागाने बघत होतं. तुमची झोप हलकी असेल तर माझं ऐकू नका, वर जा. निदान डाव्या काठावरचं, रुळापासून दोन गल्ल्या आतलं घर बघा. आणि दुसऱ्या काठावर फिरायचं तर कोब्लेन्झच्या पुढे मेंझपर्यंत पूल नाही. फेरीबोटीनं जावं लागतं आणि ती संध्याकाळी बंद होते, परतीची वेळ आधी विचारून ठेवा.

संध्याकाळचा प्रश्न खाली सहज सुटतो. बागायतदारांना स्वतःची वाइन स्वतःच्या अंगणात विकायला वर्षातले चार महिने मुभा आहे, जास्तीत जास्त चाळीस खुर्च्या मांडून. दारावर डहाळ्यांचा जुडगा किंवा झाडू टांगलेला दिसला की आत जायचं. याला श्ट्राउसविर्टशाफ्ट म्हणतात, उच्चार मला अजून जमत नाही. आम्हाला नवी, अर्धवट आंबलेली फेडरवायसर मिळाली. ढगाळ पांढरी, ताडीची आठवण करून देणारी. बाटलीचं बूच सैलच ठेवतात, गॅस निघत राहतो. पोराने ती बॅगेत आडवी ठेवली आणि त्याचं जाकीट दोन दिवस वास मारत होतं. सोबत कांद्याचा केक, त्यात डुकराचं मांस नाही ना हे विचारून घ्या, बहुधा असतं.

पैसे पोराने दिले, पण मी पावती बघितली. वरच्या एका रात्रीत खाली अडीच रात्री निघाल्या असत्या.

तरी लग्नाचा पंचविसावा, तिसावा असं काही असेल, गुडघे ठणठणीत असतील आणि सकाळी नवाला उठायची सवय असेल, तर एक रात्र वर जरूर काढा. पण आधी इमेल करून किटलीचं विचारा. नुसता किल्लाच अनुभवायचा असेल, तर बाखाराखचा श्टालेक किल्ला युवा वसतिगृह आहे, तिथे स्वस्तात बुरुजाखाली झोपता येतं असं पोरगं सांगतं.

आम्ही पुढच्या खेपेचं खालच्या आजोबांना सांगून ठेवलंय. त्यांना पाव किलो शेंगा चटणी न्यायची आहे. दिवाणखान्यात फोटो मात्र वरचाच लावलाय. सकाळी पावणेसातला काढलेला, कोनाड्यात मांडी घालून बसलेली ही, मागे धुक्यातली नदी. आलेले पाहुणे फोटोची तारीफ करतात. हातातला कप रिकामा आहे हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.