इनस्क्रिप्टसाठी स्वतः आखलेली कीबोर्ड प्लेट: अ‍ॅक्रिलिक, एफआर४ आणि स्टील वापरून झाल्यावर

इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरीच्या प्रमाणित कीबोर्ड लेआउटमध्ये, ‘ज्याच्या’ टाइप करताना बोटांकडे लक्ष द्या. ज आहे इंग्रजी पी-च्या जागी, च अर्धविरामाच्या कळीवर, य तिरक्या रेघेच्या कळीवर. तिन्ही उजव्या करंगळीच्या वाट्याला. पाय मोडायची कळ डी-वर आणि काना ई-वर, म्हणजे दोन्ही डाव्या मधल्या बोटाला. आठ ठोके आणि बोटं दोनच. त्यात ट आणि ड हेही करंगळीकडेच, ‘डॉक्टर’मधला ॉ तर आणखी पलीकडे, उलट्या तिरक्या रेघेवर. मराठीत ‘च्या’ आणि ‘ज्या’ किती वेळा येतात ते सांगायला नको. मी रत्नागिरीत बसून दिवसभर अनुवाद टाइप करते आणि उजव्या करंगळीच्या मुळाशी दुखायला लागलं ते या जुळणीमुळे, असं माझं पक्कं मत झालं आहे.

लेआउट बदलायचा नव्हता. इनस्क्रिप्ट मला आवडतो. स्वरचिन्हं डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे हात आळीपाळीने चालतात आणि एक लय लागते. बदलायची होती ती कळींची जागा. बाजारातले छोटे कीबोर्ड इंग्रजी डोळ्यापुढे ठेवून केलेले असतात. प्लँक ४ ओळी आणि १२ रकान्यांचा, कॉर्न ४२ कळींचा. दोन्हींत चौकटी कंसांच्या कळी, बरोबरचं चिन्ह, उलटी तिरकी रेघ हे सगळं दुसऱ्या लेयरवर जातं. इंग्रजीत त्याने फारसं अडत नाही. मराठीत मात्र ड, ृ आणि ॉ लेयरवर जातात, म्हणजे ‘कृती’ आणि ‘ऑगस्ट’ लिहिताना दर वेळी जास्तीची कळ दाबून धरायची. ते मला मान्य नव्हतं.

म्हणून ५ ओळी आणि १४ रकाने, सगळ्या कळी सरळ उभ्या रांगेत, आणि उजवीकडचे शेवटचे ४ रकाने ७ मिलिमीटर खाली सरकवलेले, अशी प्लेट, म्हणजे कळींचे स्विच बसवायची भोकांची सपाट पाटी, मी स्वतः आखली. खालच्या ओळीत अंगठ्यांसाठी दुप्पट रुंदीच्या २ कळी, एकूण ६८. असा पीसीबी (स्विच ज्यावर सोल्डर करतात तो सर्किट बोर्ड) कुठे तयार मिळत नाही, म्हणून वायरिंग हाताने. आता पावसाळा उलटून गेला आहे आणि तीन वेगवेगळ्या मटेरियलच्या प्लेटांवर काम करून झालं आहे. हे लिखाण त्या प्लेटांबद्दल आहे. स्विच कोणते, आवाज कसा, यावर पुष्कळांनी लिहिलेलं आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. पीसीबी असलेल्या कीबोर्डमध्ये स्विच दोन ठिकाणी धरलेला असतो, वर प्लेटमध्ये आणि खाली सोल्डरने पीसीबीला. हाताने वायरिंग केलेल्यात खाली धरायला काहीच नसतं, लोंबणाऱ्या तारा असतात. सगळा भार प्लेटवर. त्यामुळे इतर ठिकाणी चालून जाणारा दशांश मिलिमीटर इथे चालत नाही.

चेरी एमएक्स जातीच्या स्विचला १४ मिलिमीटरचं चौरस भोक लागतं आणि प्लेटची जाडी १.५ मिलिमीटर, त्यात ०.१ इकडेतिकडे. स्विचच्या दोन बाजूंना छोट्या चिमट्या असतात, त्या प्लेटच्या खालच्या कडेला जाऊन अडकतात. प्लेट जाड झाली की चिमट्या भोकाच्या आतच दबून राहतात, अडकायला कड मिळतच नाही. एका कळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत अंतर १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. दोन भोकांच्या मध्ये उरते ५.०५ मिलिमीटरची पट्टी. त्या पट्टीतच स्क्रू, त्यातच मजबुती.

पहिली प्लेट ३ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकची. साइनबोर्ड करणाऱ्यांकडे सीओटू लेझर असतं, तालुक्याच्या गावातही मिळतं, आणि तासाभरात प्लेट हातात येते. ही मी रकाने किती खाली घ्यायचे ते ठरवण्यासाठीच केली होती, आणि त्या कामाला ती उत्तम. कागदावर खऱ्या मापाची प्रिंट काढून बोटं ठेवून बघितली तरी ठोका मारल्याशिवाय कळत नाही. ४ मिलिमीटरला फरक जाणवला नाही. १० ला अंकांच्या ओळीतल्या कळी करंगळीच्या अगदी जवळ आल्या, पण य फार खोल गेला. ७ वर थांबले.

कायमची प्लेट म्हणून अ‍ॅक्रिलिक घेऊ नका. लेझर अ‍ॅक्रिलिक जाळत जातं, त्या जळालेल्या रेघेला रुंदी असते, आणि भोक आखल्यापेक्षा थोडं मोठं होतं. वर ३ मिलिमीटर जाडी, चिमट्या लागत नाहीत. दोन्ही मिळून स्विच नुसता घर्षणावर उभा राहतो. माझ्याकडे सर्वांत आधी सैल झाला तो पाय मोडायच्या कळीचा स्विच, कारण जोडाक्षरं त्यावरच. कीकॅप (कळीची टोपी) काढायला गेलं की स्विच वर येतो आणि खालची तार ताणली जाते. आतले कोपरे अगदी काटकोनी ठेवले तर तिथून तडा जातो, म्हणून कोपऱ्यांना अर्ध्या मिलिमीटरची गोलाई द्यावी.

दुसरी एफआर४ ची, म्हणजे ज्याचे पीसीबी बनतात तेच काचतंतूंचं मटेरियल. युक्ती साधी आहे. पीसीबी बनवणाऱ्याला तांब्याशिवायचा कोरा बोर्ड सांगायचा, भोकं बाह्यरेषेच्याच लेयरवर काढायची. ठरलेली जाडी १.६, म्हणजे चेरीच्या मर्यादेत बरोबर वरच्या टोकाला. स्विच घट्ट बसतो, अंगठ्याने जोर लावावा लागतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो. भोकं कापणाऱ्या बिटमुळे कोपरे आपोआप किंचित गोल येतात, तरी एकाही ठिकाणी कानस लावावी लागली नाही. १०० बाय १०० मिलिमीटरच्या वर गेलं की दर एकदम चढतो आणि माझी प्लेट जवळजवळ २८३ मिलिमीटर लांब, त्यामुळे स्वस्त पडली नाही. सहसा किमान ५ नग घ्यावे लागतात. उरलेल्या प्लेटा ओळखीतल्या इनस्क्रिप्टवाल्यांकडे गेल्या आणि त्यातल्या दोघी आज त्यावर काम करत आहेत.

एफआर४ चा मला सर्वांत आवडलेला फायदा छपाईचा. बोर्डाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या शाईत काहीही छापून मिळतं. मी प्रत्येक भोकाशेजारी ओळ-रकान्याचा आकडा आणि त्या कळीवरचं देवनागरी अक्षर छापून घेतलं. वायरिंग उलट्या बाजूने करतात, तेव्हा डावं-उजवं बदललेलं असतं, आणि ६८ सारख्या दिसणाऱ्या स्विचांत आपण क जोडतोय की र हे समोर लिहिलेलं असणं म्हणजे केवढी सोय! जोडाक्षरं आणि मात्रा फाँटवर सोडू नका. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरांच्या आकृत्या करून मगच किकॅड या पीसीबी आखायच्या प्रोग्रॅममध्ये न्या.

शिवाय एफआर४ मधून वीज जात नाही. डायोडचा (प्रत्येक स्विचला जोडायचा, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा सुटा भाग) पाय कुठे टेकला तरी बिघडत नाही.

उणीव लवचिकपणाची. एवढ्या लांब प्लेटला खाली पीसीबीचा आधार नाही, म्हणून मधल्या भागात प्रत्येक ठोक्याला ती किंचित दबते. काहींना हे मऊपण आवडतं. मला काही तासांनी शुद्धलेखनाच्या चुका वाढल्यासारख्या वाटायला लागल्या. उपाय म्हणजे मधेमधे एम२ चे, म्हणजे २ मिलिमीटर स्क्रूचे, खांब. जिथे चार कळींचे कोपरे एकत्र येतात तिथे एम२ स्क्रूचं डोकं मावतं. पण रकाना खाली सरकवला की तो चौक राहत नाही, इंग्रजी टी-सारखा सांधा होतो आणि दोन स्विचांच्या वरच्या खोक्यांत साधारण ३.४ मिलिमीटर जागा उरते. तिथे डोकं मावत नाही. म्हणून ओ आणि पी यांच्यामधल्या रेषेवर खांब नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. रकाने सरकवणाऱ्या प्रत्येकाने ड्रॉइंगमध्ये सर्वांत आधी हे तपासावं.

तिसरी, आणि आज टेबलावर असलेली, ३०४ स्टेनलेस स्टीलची, १.५ मिलिमीटर. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत फायबर लेझरवर कापून घेतली. पत्र्याच्या कामात सगळे गेजमध्ये बोलतात. १६ गेज म्हटलं की १.६ च्या थोडं वरच जातं, म्हणून ‘दीड एमएम’ असंच लिहून द्या. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी माझी डीएक्सएफ फाइल (कापायचं ड्रॉइंग) इंचात उघडली गेली होती. अशा फाइलमध्ये एकक ठामपणे लिहिलेलं असेलच असं नाही, तेव्हा ड्रॉइंगच्या बाजूला १०० मिलिमीटरची रेघ काढून तिच्यावर माप लिहावं. ऑपरेटर ती मोजतो आणि प्रश्न मिटतो. एकावर एक पडलेल्या रेघा पुसून टाका, नाहीतर लेझर तीच कड दोनदा कापतं.

आणि पूर्ण प्लेट कापण्याआधी त्याच पत्र्याच्या तुकड्यावर १३.९ पासून १४.१ पर्यंत ०.०५ च्या फरकाने भोकं पाडून मागा. प्रत्येक मशीन वेगळं, कापाच्या रुंदीची भरपाई कोण करतं हेही वेगळं. तुकड्यात स्विच दाबून, उलटा धरून, कीकॅप ओढून बघायचं. माझ्यासाठी १४.० चं भोक योग्य ठरलं. पावडर कोटिंग करणार असाल तर त्याचा थर प्रत्येक कडेवर येतो आणि भोक दोन्ही बाजूंनी लहान होतं, तेवढी जागा आधीच सोडा. मी कोटिंग केलंच नाही. कोकणच्या हवेत साधा लोखंडी पत्रा कापलेल्या कडांपासून गंजतो, आणि स्विच घालताना कोटिंग खरवडलं जातंच. ३०४ वर समुद्राच्या इतक्या जवळ पूर्ण पावसाळ्यात एक डाग नाही.

स्टीलवर स्विच हलत नाही म्हणजे हलतच नाही. कीकॅप काढताना एकदाही स्विच वर आलेला नाही, गरम गोंदाचा थेंबसुद्धा लावावा लागला नाही. अंगठ्याच्या दुप्पट कळींना स्टॅबिलायझर लागतात, म्हणजे रुंद कळ कडेला दाबली तरी तिरकी होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना दांड्या असलेले आधार. पीसीबीला स्क्रूने बसणारे आपल्या कामाचे नाहीत, प्लेटमध्ये अडकणारेच घ्यायचे, आणि त्यांची पकड दीड मिलिमीटर स्टीलवर जशी बसते तशी दुसऱ्या कशावर बसली नाही. दोन दांड्यांमधलं अंतर २३.८ मिलिमीटर. प्लेटचं वजन पाव किलोच्या आसपास, कीबोर्ड टेबलावरून सरकत नाही.

आवाज मात्र वाढतो. घंटेसारखी बारीक झणझण ऐकू येते, विशेषतः कडेच्या कळींना. प्लेटच्या खाली पोकळी असते, ती स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या ईव्हीए फोमच्या तुकड्यांनी भरली आणि झणझण बरीचशी गेली. दुसरं, स्टील वीज वाहून नेतं. कंट्रोलर (कळी वाचून संगणकाला कळवणारा छोटा बोर्ड) आणि प्लेट यांच्यामध्ये वीज अडवणारा कॅप्टॉन टेप हवाच, आणि खांबांच्या जवळून जाणाऱ्या तारांवर आवरण हवं.

वायरिंगबद्दल थोडं, कारण त्याचा प्लेटच्या आखणीशी संबंध आहे. ५ ओळी अधिक १४ रकाने म्हणजे कंट्रोलरच्या १९ पिना. प्रो मायक्रो या कंट्रोलरला वापरता येण्यासारख्या १८, म्हणून आरपी२०४० चिपचा रास्पबेरी पाय पिको घेतला, त्याला २६ आहेत, फर्मवेअर (कंट्रोलरच्या आत चालणारा प्रोग्रॅम) क्यूएमके. डायोड १एन४१४८, त्यांचेच पाय वाकवून ओळी जोडल्या. जिथे रकाना ७ मिलिमीटर खाली उतरतो तिथे पाय पुरत नाही, तिथे प्रत्येक ओळीला आवरणाच्या तारेचा छोटा तुकडा घातला. कीबोर्ड इंग्रजीचेच संकेत पाठवतो, देवनागरी करण्याचं काम संगणकाच्या इनस्क्रिप्टचं, त्यामुळे ऑफिसच्या कुठल्याही मशीनला लावता येतो.

करंगळीचं दुखणं कमी झालं का? हो, आणि लवकर झालं. ज साठी करंगळी ताणावी लागत नाही, तळहात उचलावा लागत नाही. ट पहिल्या आठवड्यात चुकायचा, आता चुकत नाही. ॉ अजून लांबच आहे. तो १४ व्या रकान्यात आहे आणि रकाना खाली आणल्याने आडवं अंतर काही घटत नाही. क्ष, ज्ञ, त्र, श्र अंकांच्या ओळीत शिफ्टखाली असतात. त्यातले उजव्या हाताला येणारे तिन्ही न सरकवलेल्या भागात आहेत, म्हणून त्यांत काही फरक पडलेला नाही.

नवी आखणी सुरू आहे. तिच्यात शेवटचा १४ वा रकाना काढून ॉ डाव्या अंगठ्याशेजारच्या मोकळ्या कळीवर आणते आहे. बॅकस्पेसही अंगठ्याकडे येईल. रकाना कमी झाला की पिना १८ होतात, प्रो मायक्रो पुरेल आणि प्लेट २६४ मिलिमीटरच्या आत येईल. मटेरियल पुन्हा ३०४, दीड मिलिमीटर. एफआर४ चीही एक करणार आहे, पण पातळ, प्लेटच्या खालून वायरिंगच्या वेळी धरण्यासाठी, अक्षरं छापलेली.