भुईकाट्याच्या स्क्रीनसाठी कोणता डिझाइन पॅटर्न निवडावा?

हिंगणघाट किंवा आर्वीसारख्या गावातील बाजार समितीच्या भुईकाट्यासाठी स्क्रीन तयार करताना घटक मोजकेच लागतात: वजनाचा आकडा, कापसातील ओलाव्याची नोंद, टोकन क्रमांक आणि काटापट्टी (वजनाची पावती) छापण्याचे बटण. गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांनी १९९४ साली आपल्या ग्रंथात नोंदवलेल्या २३ पॅटर्नपैकी, म्हणजे प्रोग्रॅमच्या रचनेत वारंवार येणाऱ्या प्रश्नांच्या ठरीव उत्तरांपैकी, इथे निवडीचा पेच खरोखर चार-पाचांपुरताच पडतो. त्यांची तुलना करताना घटकातील कोणती गोष्ट पुढे बदलणार आहे, हे आधी ठरवावे.

वजनाच्या चौकटीला कधी लाल कडा हवी असते, कधी कुलूप, तर कधी मोठी अक्षरे. वारसा वापरून, म्हणजे एका क्लासवरून (प्रोग्रॅममधील ऑब्जेक्ट बनवण्याच्या साच्यावरून) दुसरा बेतून, प्रत्येक मिश्रणाचा वेगळा क्लास केला, तर या तीन वैशिष्ट्यांतूनच साध्या चौकटीसह आठ क्लास उभे राहतात. डेकोरेटर पॅटर्नमध्ये मूळ चौकटीवर चढणारी तीन आवरणे लिहून भागते आणि ती चालू प्रोग्रॅममध्येही चढवता-उतरवता येतात. मात्र आवरणात गेलेला ऑब्जेक्ट हा मूळ ऑब्जेक्ट राहत नाही, त्यामुळे ओळख तपासणारा कोड फसतो. शिवाय मूळ क्लासच्या इंटरफेसमध्ये (बाहेरून वापरता येणाऱ्या कामांच्या यादीत) शेकडो मेथड, म्हणजे कामे, असतील, तर प्रत्येक आवरणाला त्या सगळ्या पुढे पाठवाव्या लागतात. आजच्या बहुतेक यूआय (स्क्रीनवरील घटक पुरवणाऱ्या) लायब्ररींतील घटक असेच अवजड असतात, म्हणून तेथे डेकोरेटर ग्रंथात दिसतो तितका स्वस्त पडत नाही. जावा भाषेच्या स्विंग या यूआय लायब्ररीत कडेसाठी घटकाला आवरण घालण्याऐवजी त्याच्याच हाती बॉर्डरचा ऑब्जेक्ट दिला जातो आणि कडा रंगवण्याचे काम घटक त्या ऑब्जेक्टवर सोपवतो. ही रीत डेकोरेटरपेक्षा स्ट्रॅटेजीच्या, म्हणजे कामाची रीत वेगळ्या ऑब्जेक्टकडे देऊन ती बदलती ठेवणाऱ्या पॅटर्नच्या, जवळची आहे.

स्ट्रॅटेजीची गरज ओलाव्याच्या कपातीत सर्वांत ठळकपणे दिसते. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसाला पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते आणि त्याहून ओला कापूस घेतला जात नाही. खासगी व्यापाऱ्याचा हिशोब मात्र त्याच्या अटींप्रमाणे चालतो. हे सारे नियम ओलाव्याच्या चौकटीतच ‘जर-तर’ लावून कोंबले, तर अटी बदलताच स्क्रीनचा कोड उघडावा लागतो. उलट प्रत्येक खरेदीदारामागे कपातीचा स्वतंत्र ऑब्जेक्ट ठेवला, तर स्क्रीनला हात लागत नाही. थोडक्यात, घटकाचे वरचे रूप बदलायचे असेल आणि तो हलका असेल तर डेकोरेटर, आतली रीत बदलायची असेल तर स्ट्रॅटेजी. नियम एकच असेल आणि तोच राहणार असेल, तर साधी मेथड पुरेशी आहे.

वजनाचा आकडा बदलला की काटेवाल्याची स्क्रीन, बाहेरचा शेतकऱ्यांसाठीचा फलक आणि काटापट्टीचा मसुदा अशा तिन्ही ठिकाणी तो पोहोचायला हवा. येथे ऑब्झर्व्हरला, म्हणजे बदल झाला की नोंदणी केलेल्या सर्व श्रोत्यांना कळवणाऱ्या पॅटर्नला, पर्याय शोधण्यात अर्थ नाही. १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी मांडलेल्या एमव्हीसीमागेही (माहिती ठेवणारे मॉडेल, ती दाखवणारे व्ह्यू आणि इनपुट हाताळणारा कंट्रोलर अशा विभागणीमागेही) मॉडेलने आपला बदल व्ह्यूंना कळवावा हाच विचार पुढे रुजला. त्याचे धोके मात्र आधीच समजून घ्यावेत. बंद केलेल्या खिडकीची नोंदणी काढली नाही, तर तो ऑब्जेक्ट मेमरीत अडकून राहतो आणि दिवसभर चालणारा प्रोग्रॅम हळूहळू जड होतो. श्रोत्यांना सूचना कोणत्या क्रमाने मिळेल, यावर विसंबता येत नाही; जावातील तयार ऑब्झर्व्हेबल क्लास नवव्या आवृत्तीत वापरातून काढण्याजोगा ठरवण्यामागे हेही एक कारण होते. काट्याचे वाचन वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या प्रवाहावर) होत असेल, तर स्क्रीनचा बदल यूआय थ्रेडकडेच सोपवावा लागतो. गाडी हलत असताना येणारा प्रत्येक आकडा कळवू नये. वजन स्थिर झाल्यावरच पट्टीच्या मसुद्याला सूचना द्यावी. यूआय लायब्ररीत डेटा बाइंडिंग (डेटा बदलताच स्क्रीन आपोआप बदलण्याची सोय) असेल, तर ऑब्झर्व्हर आधीच मिळालेला असतो आणि तो हाताने पुन्हा लिहिणे व्यर्थ आहे.

मीडिएटर (घटकांचा परस्परसंबंध एका मध्यस्थ क्लासमधून चालवणारा) आणि स्टेट (टप्प्याप्रमाणे वागणे बदलणारा) या पॅटर्नमध्ये गल्लत होते. टोकन निवडल्याशिवाय वजन नाही, भरल्या आणि रिकाम्या गाडीची दोन्ही वजने झाल्याशिवाय पट्टी नाही, असे टप्पे असतील तेव्हा प्रत्येक टप्प्याला स्टेट ऑब्जेक्ट द्यावा, म्हणजे निव्वळ वजन निघण्यापूर्वी छपाईचे बटण दाबले जाण्याची वाटच बंद होते. टप्पे नसून केवळ अनेक चौकटी एकमेकींवर अवलंबून असतील, तर मीडिएटर बरा, पण तोच क्लास फुगत जाऊन सगळ्या स्क्रीनचा मालक होण्याची खोड त्याला आहे. घटकात घटक ठेवून सगळ्यांना एकसारखे हाताळणाऱ्या काँपोझिटबद्दल फारसा विचार नको, कारण पॅनेलमध्ये पॅनेल ठेवता येणारी लायब्ररी तो आधीच वापरत असते.

एकच प्रोग्रॅमर जिल्ह्याच्या ठिकाणाहून देखभाल करणार असेल, तर वजनाला ऑब्झर्व्हर, कपातीला स्ट्रॅटेजी आणि टप्प्यांना स्टेट एवढ्यावर सुरुवात करावी. डेकोरेटर दुसऱ्या सजावटीची मागणी येईपर्यंत लांबवावा. काट्याच्या जोडणीला सिंगलटन (साऱ्या प्रोग्रॅममध्ये एकच ऑब्जेक्ट असू देणारा पॅटर्न) करण्याचा मोह मात्र आवरावा, कारण आवारात दुसरा काटा बसला की तो गृहीतकासह मोडतो आणि कार्यालयात चाचणी घेताना खऱ्या काट्याच्या जागी नकली काटा जोडणेही अवघड होते.