उणे ४० अंश आणि माझे ४६,००० रुपये

चतुर्थीला चार दिवस उरलेले असताना, म्हापशाहून फोंड्याला येताना माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर एंजिनचा पिवळा दिवा लागला, रेडिएटरचा पंखा थांबेना आणि गरम एंजिन पुन्हा सुरू व्हायला त्रास देऊ लागले. वाटेतल्या एका गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला, तेव्हा पी०११८ हा बिघाडाचा कोड आला. गॅरेजमालक म्हणाला, "पात्रांव, ईसीएममध्ये पाणी शिरलंय. बदलल्याशिवाय चालणार नाही." ईसीएम म्हणजे एंजिनचे नियंत्रण करणारा संगणक.

त्याच स्कॅनरवर कुलंटचे, म्हणजे एंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान उणे ४० अंश दिसत होते. तासभर पळालेल्या गाडीचे बॉनेट हाताला चटके देत होते आणि पडद्यावर उणे ४०! तो आकडा मी स्वतः वाचला, आणि तरीही गप्प राहिलो, हे मला अजून सहन होत नाही. हे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचे सर्किट कुठेतरी तुटले की ईसीएमला असाच अशक्य थंडीचा आकडा दिसतो. पी०११८ चा अर्थही तोच, म्हणजे त्या सर्किटमध्ये व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त. संशय आधी कनेक्टर, तार आणि सेन्सरवर घ्यायचा असतो, ईसीएमवर सर्वांत शेवटी. पण घरी माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे) सामान आणायचे होते, वडिलांना गावी न्यायचे होते, आणि यंत्राने छापलेल्या कोडवर कोणीही विश्वास ठेवला असता.

ईसीएमचे ३८,५०० रुपये, सेन्सरचे ३,२००, स्कॅनिंगचे २,५०० आणि मजुरीचे १,८०० असे एकूण ४६,००० रुपये मी रोख मोजले. पक्के बिल मागितले, तर चतुर्थीनंतर देतो म्हणाला. काढलेला जुना भाग हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मी घेतला नाही.

नवव्या दिवशी दिवा पुन्हा लागला. म्हापशातल्या एका वायरमनने सेन्सरचा कनेक्टर उघडला, तर पितळी पिनांवर हिरवा कळंक चढलेला होता. खारी हवा आणि पावसाळा यांत इथे हे नेहमीचेच. त्याने पिनांमागच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना जोडल्या, तसा स्कॅनरवरचा आकडा उणे ४० वरून थेट वरच्या टोकाला गेला, म्हणजे ईसीएम आणि तिथवरची तार दोन्ही शाबूत होती. नवा कनेक्टर आणि मजुरी मिळून ३५० रुपये झाले. ईसीएमवर माझ्या गाडीचा मूळ क्रमांक आणि धुळीचा जुना थर तसाच होता. तो कधी बदललाच नव्हता. इमोबिलायझरच्या (ओळखीच्या किल्लीशिवाय एंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत ईसीएम बदलला की किल्ल्या नव्याने जुळवाव्या लागतात, आणि माझी दुसरी किल्ली तर त्याने मागितलीसुद्धा नव्हती!

पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की हा दिवाणी वाद आहे. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात पहिल्या खेपेला बिल आणा म्हणाले, दुसऱ्या खेपेला संबंधित अधिकारी रजेवर होते, तिसऱ्या खेपेला अर्जाचा नमुनाच बदलल्याचे कळले. बिल न देणाऱ्याविरुद्ध तक्रार करायला त्याचेच बिल लागते, हा कुठला न्याय? पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला ग्राहक आयोगात शुल्क नाही, हे तिथल्या एकानेही सांगितले नाही. मला ते एका वकील नातेवाइकाकडून कळले.

कोड पुसण्याआधी पडद्याचा फोटो काढा, कारण बॅटरीची तार काढली की पुष्कळदा पुरावा जातो. माझ्याकडे केवळ योगायोगाने पत्नीला पाठवलेला एक फोटो आहे, ज्यात पी०११८ आणि उणे ४० दोन्ही स्पष्ट दिसतात. तो आणि वायरमनची ३५० रुपयांची पावती जोडून मी आता थेट आयोगाकडे अर्ज करत आहे.