मुंबईचं विमान: सांबरा, उजळाईवाडी की मोपा?

बेळगाव ते मुंबई हवाई अंतर भरतं सुमारे 405 किलोमीटर, रस्त्याने तेच 490 च्या आसपास. 405 ला जेट विमानाच्या ताशी 800 या वेगाने भागलं की अर्धा तास येतो. तिकिटावर मात्र सव्वा तासाच्या आगेमागे वेळ छापलेली असते, आणि तीच धरून चालायची. ही वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं, वर चढणं आणि मुंबईवर उतरायला नंबर लागला तर घिरट्या, सगळं आलं. शिवाय एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, असेल तर त्याचा वेग ताशी 500 च्याच घरात असतो.

म्हणून आकाशातल्या किलोमीटरपेक्षा घराच्या उंबऱ्यापासूनचे तास मोजा.

बेळगाव शहरातल्यांना आणि खानापूरकरांना मुंबईसाठी सांबरा, म्हणजे बेळगावचाच विमानतळ बरा. शहरातून बागलकोट रस्त्याने 10-11 किलोमीटर, अर्धा तास धरा. सामान घेणारा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून सुटण्याच्या दोन तास आधी घर सोडायचं. मुंबईत बॅग हातात येईपर्यंत पावणेचार ते चार तास होतात. खानापूरहून यात आणखी पाऊण तास घाला. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात, त्यामुळे चाकांची मोठी बॅग विमानाच्या दारातच काढून घेतात. औषधं, दागिने, कागदपत्रं आधीच खांद्याच्या पिशवीत ठेवा.

निपाणीचं गणित उलटं आहे. तिथून सांबरा 85 किलोमीटर, तर कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ जेमतेम 40. तो महामार्गालगत, शहराच्या अलीकडेच असल्याने कोल्हापुरातल्या गर्दीत शिरावं लागत नाही. मुंबईचं हवाई अंतरही तिथून 310 किलोमीटरच. फक्त विमान कोणत्या वारी आहे ते बघून ठेवा.

मोपाचा, म्हणजे उत्तर गोव्यातल्या विमानतळाचा विचार बहुतेक जण तिकीट स्वस्त दिसलं म्हणून करतात. 5 जानेवारी 2023 पासून तिथून प्रवासी विमानं सुटतात, आणि परदेशी विमानंही मिळतात. सांबऱ्याहून ती नाहीत. पण बेळगावहून चोर्ला घाटामार्गे रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. उन्हाळ्यात तीन तास पुरतात. जून ते सप्टेंबर धुकं, दरड किंवा अडकलेला ट्रक धरून पाच तास हाताशी ठेवावेत. जाऊन-येऊन टॅक्सीचं भाडं तिकिटात मिळवलं तर एकट्या माणसाला मुंबईसाठी मोपा सहसा परवडत नाही. चौघांचं कुटुंब एका गाडीत बसलं, किंवा थेट दुबईला जायचं असलं, तरच हिशेब जुळतो.

दुबईसाठी सांबरा-मुंबई आणि पुढचं अशी दोन वेगळी तिकिटं काढत असाल तर सांभाळून. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) नसले की मुंबईत सामान स्वतः काढून पुन्हा द्यावं लागतं, टर्मिनल बदलावं लागू शकतं. सांबऱ्याचं विमान पावसाने रखडलं आणि पुढचं चुकलं, तर त्या तिकिटाची जबाबदारी कोणी घेत नाही. मध्ये निदान पाच तास सोडा. पावसाळ्यात आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

जाण्याचं तिकीट काढण्याआधी परतीचंही विमान त्याच विमानतळावर उतरतं का, ते बघा. गाडी सांबऱ्याला लावून मोपाला उतरलात, तर रात्रीचा घाट टॅक्सीने चढावा लागेल.