सैतानाचा पंजा आणि माझा उजवा गुडघा: सात महिन्यांनंतर

जर्मनीत राहायला येऊन एकोणीस वर्षं झाली, पण ही डबी पहिल्यांदा हातात आली ती गेल्या ऑक्टोबरात. अपोथेकेतल्या, म्हणजे इथल्या औषधांच्या दुकानातल्या बाईंनी ती पुढे सरकवली तेव्हा नाव वाचून हसूच आलं. टॉयफेल्सक्राले, सैतानाचा पंजा: आफ्रिकेतल्या एका वनस्पतीचं मूळ, सांधेदुखीवर घ्यायचं. उजव्या गुडघ्याची झीज सुरू झाली आहे आणि आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी घेतली की घशाशी येतं, म्हणून दुसरं काहीतरी हवं होतं. अल्सर नाही हे एंडोस्कोपीत आधीच दिसलं होतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण असेल तर हे मूळ घ्यायचंच नसतं. पित्ताशयात खडे असतील तरी आधी डॉक्टरांना विचारायचं.

सुरुवात काढ्यापासून केली. साडेचार ग्रॅम वाळलेले तुकडे, त्यावर ३०० मिलिलिटर उकळतं पाणी, आठ तास झाकून ठेवायचं, गाळायचं आणि दिवसभरात तीनदा प्यायचं. रात्री त्रिफळा भिजत घालावा तसं मी करत होते. चव? काडेचिराईत प्यायलेल्यांना थोडी कल्पना येईल. घोट उतरला तरी कडूपणा जिभेवरून हलत नाही. पहिले सहा दिवस पोट ढिलं होतं, मग सावरलं. भूक मात्र सपाटून लागायला लागली. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातले सान आणि नामा लोक हे मूळ ताप, दुखणं आणि पोटाच्या तक्रारींसाठी पूर्वीपासून वापरतात, आणि युरोपच्या औषध संस्थेनेही सांध्यांच्या किरकोळ दुखण्याबरोबर पोटफुगी आणि मंदावलेली भूक हे उपयोग मान्य केले आहेत, तेही दीर्घकालीन वापराच्या आधारावर. वजन कमी करायला सांगितलेल्या बाईला भूक वाढवणारं औषध! तीन आठवड्यांत काढा सोडला आणि ४८० मिलिग्रॅम अर्काची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू केली.

फरक पडला का? महिनाभर काहीच नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात लक्षात आलं, सकाळी पलंगावरून उठल्यावर गुडघा आखडायचा तो वेळ कमी झाला होता. जिना उतरताना कठडा धरावा लागतोच, पण दर पायरीला तोंडातून ‘आई गं’ येत नाही. मार्चमध्ये मुद्दाम पाच आठवडे बंद करून पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात आखडणं परत आलं, पण पहिल्याइतकं नाही. आता यात फिजिओथेरपीचे व्यायाम किती आणि मूळ किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. व्यायाम दोन्ही काळात चालूच होते, एवढं खरं.

डबीवर मात्र सर्वांत मोठ्या अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’. माझा खरा राग त्याच्यावर आहे. या मुळात ॲक्टिओसाइडसारखे घटक आहेत आणि परीक्षानळीत ते ऑक्सिडीकरण रोखतात, हे खरं. पण परीक्षानळी म्हणजे माझा गुडघा नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याने तर पदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता दाखवणारी आपली यादीच २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि विक्रेते ते सर्रास वापरत होते.

पाहायचा आकडा वेगळा आहे: हार्पॅगोसाइड, म्हणजे या मुळातल्या मुख्य घटकाचं प्रमाण. युरोपच्या औषधकोशानुसार वाळलेल्या मुळात ते किमान १.२ टक्के असावं लागतं. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या, कंबरदुखीवरच्या वनौषधींच्या आढाव्यात ज्या मात्रेचा थोड्या काळासाठी उपयोग दिसला ती रोज ५० ते १०० मिलिग्रॅम हार्पॅगोसाइडची होती. माझ्या डबीवर हा आकडा शोधून सापडला नाही. दुसरी डबी घेतली ती आकडा छापलेली पाहूनच, पाच युरो जास्त देऊन.

साताऱ्याला सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, “मला पण पाठव गं दोन डब्या.” त्या रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी घेतात. म्हटलं, “आई, तुम्हाला नाही चालणार, त्या गोळीबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.” थोड्या हिरमुसल्या. मग विषय बदलायला सांगितलं की ही वनस्पती तिळाच्या कुळातली आहे. “तिळाची भावकी आणि इतकी कडू?” त्यांना ते पटलेलं नाही अजून. फळाचा फोटो पाठवला तेव्हा मात्र लगेच म्हणाल्या, “ही तर आपली वाघनखी!” ती नव्हे, पण फळावरच्या वाकड्या काट्यांची तऱ्हा तीच. याच काट्यांमुळे सैतानाचा पंजा हे नाव पडलं.

डबी संपत आली की आणखी एक गोष्ट मनात येते. हे मूळ बहुतेक नामिबियातून येतं, तेही बरंचसं रानातूनच. मधलं मुख्य मूळ तसंच ठेवून बाजूचे कंद खणायचे, खड्डा बुजवायचा, कंदांच्या चकत्या करून वाळवायच्या. मुख्य मूळ उपटलं तर झाड गेलं. तिथे १९७७ पासून ते संरक्षित आहे, खणायला परवाना लागतो. वाळूत वाकून खणणाऱ्यांच्या हाती माझ्या युरोंतले फार थोडे पडतात.

डॉक्टरांना सगळं सांगितलं आहे. नाहीतरी चार आठवड्यांहून जास्त घ्यायचं तर त्यांना विचारा, असं आतल्या कागदावरच लिहिलंय. त्यांच्या सल्ल्याने उन्हाळ्यात गोळ्या बंद आणि थंडी सुरू झाली की परत बघू, असं ठरलंय. काढ्याच्या तुकड्यांची अर्धी पिशवी शिल्लक आहे. नवऱ्याला एकदा पाजला होता, तेव्हापासून तो त्या फडताळाकडे फिरकत नाही.