ओरॅकल एफडीडब्ल्यू: आठ महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः नावांच्या अक्षरांविषयी

आमचे जुने हिशेब ओरॅकल या डेटाबेसमध्ये आहेत आणि नवे अहवाल पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर तयार होतात. या दोहोंना जोडणारे ओरॅकल एफडीडब्ल्यू हे एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसला जोडायची पुरवणी) मी आठ महिने रोज वापरत आहे. वेगाबद्दल माझी तक्रार नाही. डोकेदुखी झाली ती नावांतील कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांची.

डबल कोट न लावता लिहिलेले नाव ओरॅकल हा डेटाबेस, एसक्यूएल या क्वेरीभाषेच्या मानकाप्रमाणे, कॅपिटलमध्ये नोंदवतो, तर पोस्टग्रेस तेच स्मॉलमध्ये नेते. पहिल्या दिवशी मी फॉरेन टेबलाच्या (पोस्टग्रेसमध्ये दिसणारे, पण ओरॅकलमधील डेटा वाचणारे टेबल) ऑप्शनमध्ये ओरॅकलमधील स्कीमा (टेबलांचा गट) आणि टेबल यांची नावे सवयीने स्मॉलमध्ये लिहिली. फॉरेन टेबल विनातक्रार तयार झाले, पण डेटा वाचणारी पहिली सिलेक्ट कमांड चालवताच असे टेबल अस्तित्वात नाही किंवा ते वाचण्याची परवानगी नाही, असा एरर आला. मी अर्धा दिवस परवानग्या तपासत बसलो. ओरॅकलमधील नावे सहसा पूर्ण कॅपिटल असतात, ही सूचना त्याच एररखाली होती आणि ती मी वाचलीच नव्हती.

पुढे हाताने लिहिणे सोडून इम्पोर्ट फॉरेन स्कीमा ही कमांड वापरू लागलो; ती पूर्ण स्कीमाची फॉरेन टेबले आपोआप तयार करते. तेथे स्कीमाचे नाव डबल कोटमध्ये कॅपिटलच द्यावे लागते. लिमिट टू (फक्त हवी ती टेबले निवडण्याचा भाग) मधील टेबलांची नावे मात्र पोस्टग्रेसमध्ये जशी दिसणार तशी लिहायची असतात. एकाच कमांडमध्ये दोन रिवाज! नावांची अक्षरे कशी बदलायची हे ठरवणाऱ्या केस या ऑप्शनला कीप (जशीच्या तशी), लोअर (सगळी स्मॉल) आणि स्मार्ट अशा तीन किमती आहेत. मूळची स्मार्ट तशीच राहू द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती फक्त पूर्ण कॅपिटल नावेच स्मॉल करते आणि कोणी हौसेने डबल कोटमध्ये ठेवलेल्या मिश्र नावांना हात लावत नाही. कीप घेतल्यास प्रत्येक क्वेरीत प्रत्येक नावाला कोट लावत बसावे लागते.

कॉलमांच्या बाबतीत धोका वेगळाच आहे. हे एक्स्टेन्शन कॉलम नावाने नव्हे, क्रमाने जुळवते. त्यामुळे तेथे अक्षरांचा त्रास होत नाही, पण हाताने लिहिलेल्या एका टेबलात माझ्याकडून नोंदीची आणि बदलाची तारीख यांची अदलाबदल झाली आणि चार दिवस अहवाल निमूटपणे चुकत राहिले.

उलट दिशेने, म्हणजे ओरॅकलमधून ओडीबीसी गेटवेमार्फत (इतर डेटाबेसशी जोडणारा ओरॅकलचा दुवा) पोस्टग्रेस वाचताना, टेबल आणि कॉलम यांच्या स्मॉल नावांना डबल कोट लावावेच लागतात. तेथील सहकाऱ्यांसाठी मी शेवटी पोस्टग्रेसमध्ये कॅपिटल नावांचे व्ह्यू (टेबलासारखे वाचता येणाऱ्या, जतन केलेल्या क्वेरी) करून दिले.